रॅपर खिशातच राहू द्या

(सकाळ. उएनो स्टेशनजवळचं कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान.)

टोकियोतली पहिली न्याहारी ओनिगिरीची. भाताचा त्रिकोणी गोळा. शाकाहारी असाल तर उमेबोशीचा घ्या. आत खारवलेलं, दात आंबवणारं फळ असतं. प्लास्टिकवर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. त्या क्रमाने ओढलं, की शेवाळाचा कुरकुरीत पापुद्रा बरोब्बर भाताभोवती बसतो. क्रम चुकला तर पापुद्रा प्लास्टिकसोबत निघून येतो. पहिल्या दिवशी चुकतोच.

खाऊन झालं. हे प्लास्टिक टाकायचं कुठे? रस्त्यावर कचरापेटी नाही. २० मार्च १९९५ला ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी इथल्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला, माणसं मेली. त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या बऱ्याच पेट्या हटवल्या गेल्या. तरी रस्ता लख्ख! आपला कचरा आपण घरी न्यायचा, एवढंच. सॅकमध्ये एक रिकामी पिशवी असू द्या.

(यामानोते लाइन. ऑफिसची वेळ.)

गर्दी आपल्या लोकलची आठवण देणारी, पण आवाज नाही. उतरणारे आधी उतरतात, हे बघून मुंबईकराला थोडं भरून येतं. फोन सायलेंटवर, गाडीत फोनवर बोलायचं नाही. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे.

(दुपार. सोबा नूडल्सचं दुकान.)

नूडल्स भुरके मारत खा, चालतं. चॉपस्टिक्स मात्र भातात उभ्या खोचू नका. तसा भात मृतापुढे ठेवतात. ‘मासे नकोत’ म्हटल्याने भागत नाही. सूपात बहुधा दाशी, म्हणजे चवीसाठी काढलेला अर्क, असते, आणि ती अनेकदा सुकवलेल्या माशाची. दाशीचं नाव घेऊनच विचारा. बिलाचे पैसे काउंटरवरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवा. टीप द्यायची नाही.

(संध्याकाळ. आसाकुसातलं एक गेस्टहाउस.)

सकाळचं रॅपर अखेर इथल्या प्लास्टिकच्या डब्यात पडलं. दारात बूट काढणं तर आपल्या अंगवळणीच. घरात घालायला सपाता मिळाल्या, संडासात वेगळ्या. तातामी, म्हणजे गवती चटई, तिच्यावर कुठल्याच सपाता चालत नाहीत. मी हे सगळं वाचून आलो होतो. तरीही संडासातून निघालो तो तडक तातामीवर. मालकीणबाई माझ्या पायांकडे बघून तोंडावर हात धरून हसू लागल्या.

मी खाली पाहिलं. दोन्ही सपातांवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘टॉयलेट’.