एक आणि दीडच्या मधले पाणी

(दृश्य: सकाळचा हातपंप, रांगेत ठेवलेले पाण्याचे गुंड म्हणजे हंडे)

हा हातपंप यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. दांडा चार वेळा खालीवर झाला की पाणी येते आणि ते इतके नितळ असते, की गुंडाचा तळ स्पष्ट दिसतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि चवही बिघडलेली नाही. खडकातून सुटून या पाण्यात विरघळलेले आणि जास्त झाल्यास दात व सांधे बिघडवणारे फ्लोराइड पाहून, हुंगून किंवा चाखून ओळखता येत नाही, आणि कितीही उकळले तरी ते निघून जात नाही. उलट वाफ होऊन पाणी आटते, तेवढे त्याचे प्रमाण वाढते.

(दृश्य: शाळेचा ओटा, तपासणी संच उघडणाऱ्या ताई)

पाणी तपासण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या या ताई ठरावीक खुणेपर्यंत नमुना भरतात आणि त्यात संचातल्या बाटलीतले द्रावण घालतात. पाण्यात फ्लोराइड नगण्य असेल तर गुलाबीसर लाल रंग टिकून राहतो. प्रमाण वाढत जाते तसा तो फिकट होत पिवळ्याकडे झुकतो. मग ती बाटली रंगपट्टीशेजारी धरायची आणि जुळणारा रंग शोधायचा. आपल्या समोरच्या बाटलीत पिवळी झाक आलेली आहे. पट्टीवर एक आणि दीड असे दोन आकडे शेजारीशेजारी आहेत, आणि सगळा वाद या दोन आकड्यांच्या मधल्या जागेचा आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. घरांच्या गच्चीवर दिसणारी एक हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणली, तर त्या संपूर्ण टाकीत मिळून एक ग्रॅम. त्याच तक्त्याच्या पुढच्या रकान्यात १.५ हा आकडा येतो आणि सरकारी अहवालांपासून ग्रामसभेपर्यंत बहुतेक ठिकाणी तोच सांगितला जातो. मात्र त्या रकान्याचे शीर्षक सहसा कोणी वाचून दाखवत नाही. पाण्याचा दुसरा कोणताही स्रोत उपलब्ध नसेल तरच चालवून घेण्याची ती मर्यादा आहे. म्हणजे दीड ही सवलत आहे आणि ती नाइलाजापुरती आहे. त्याच तक्त्यात नायट्रेटसमोर ४५ मिलिग्रॅम लिहून पुढे ‘सूट नाही’ असे स्पष्ट म्हटले आहे. फ्लोराइडच्या वाट्याला ती कठोरता आलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडाही दीडच आहे, हे खरे. अमेरिकेत तर सक्तीची कमाल मर्यादा चारपर्यंत जाते, हेही कोणीतरी ऐकवतोच. परंतु स्थानिक मर्यादा ठरवताना तिथले हवामान आणि माणसे किती पाणी पितात हे विचारात घ्यावे, असे ती संघटना स्वतःच सांगते. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात दीडच्या पाण्यातून ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना कपाशीच्या रानात धसकटे वेचणाऱ्या या बाया चार लिटर पाणी सहज पितात. त्यांच्या पोटात एकच्या पाण्यातूनही ४ मिलिग्रॅम जाते. विदर्भात दीडची सवलत ज्यांनी वापरायची, त्यांच्या तहानेचा हिशेब आधी व्हायला हवा होता.

(दृश्य: बोअरची गाडी, उडणारा दगडाचा भुगा)

हे पाणी इतक्या खोलातून वर कसे आले, त्याची गोष्ट १९७२ च्या दुष्काळापासून सांगावी लागते. विहिरी तळाला गेल्या, तेव्हा हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी कठीण खडकात सहा इंची भोके पाडणे शक्य झाले आणि गावोगाव हातपंप उभे राहिले. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबापुरते बनवलेले होते. शंभर घरांनी दिवसभर दांडा हलवला की ते मोडत. जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळांतून अधिक दणकट पंप तयार झाले आणि त्यांपैकी सोलापूरच्या पंपावरून, युनिसेफच्या पुढाकाराने, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क-दोन’ आकाराला आला. आज जगभर ओळखला जाणारा हा पंप मुळात आपल्या मातीतला आहे.

त्याचे उपकारही मोठे आहेत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या पद्धतीतून नारू, म्हणजे कातडीतून लांब जंत बाहेर पडणारा रोग, पसरत असे. बंदिस्त हातपंपांनी तो मार्ग बराचसा बंद केला. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. त्यामुळे विहिरीचे पाणी वाईट आणि बोअरचे चांगले, हा धडा घराघरांत पक्का बसला. तो जंतूंपुरता बरोबर होता.

जमिनीखाली मात्र हिशेब वेगळा आहे. यवतमाळचा बराच भाग काळ्या बेसॉल्टवर वसलेला असला, तरी वणी, झरी आणि पांढरकवड्याच्या बाजूला त्या थराखाली किंवा थेट जमिनीलगत चुनखडक, तसेच कोळसा असलेले ‘गोंडवाना’ नावाचे जुने खडक लागतात. खोल थरांत पाणी वर्षानुवर्षे मुरत राहते. त्या काळात त्यातले कॅल्शियम चिकणमातीच्या खनिजांकडे जाते आणि तिथले सोडियम पाण्यात येते. कॅल्शियम असते तर त्याने फ्लोराइडला धरून खाली बसवले असते. ते कमी झाल्यावर खडकातून सुटणारे फ्लोराइड पाण्यातच राहते. वरच्या थरातले पाणी दर पावसाळ्यात बदलते, म्हणून उथळ विहिरींमध्ये हे प्रमाण साधारणपणे कमी आढळते.

(दृश्य: उंच टाकी, अंगणातला नळ, जलसुरक्षक)

आता कोलाम आदिवासींच्या पोडांपर्यंत, म्हणजे वस्त्यांपर्यंत, नळ पोहोचत आहेत. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे आश्वासन दिले. परंतु टाकी भरणारी मोटर जर त्याच बोअरमध्ये सोडलेली असेल, तर तोटीतून येणारे पाणी हातपंपाचेच असते. गावच्या पाण्याची काळजी घेणारा जलसुरक्षक नेमाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, आणि ती जंतू मारते. फ्लोराइडशी तिचा संबंध नाही.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत विकसित केली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. तुरटीची मात्रा पाण्यानुसार ठरवावी लागते आणि उरणारा गाळ रोज कुठेतरी टाकावा लागतो. ५५ लिटरपैकी पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी थोडेच असते, तेवढेच शुद्ध केले तरी पुरते. पण ते रोज कोणी करायचे, यावर योजना थांबतात.

(दृश्य: मुलांचे हसरे चेहरे, तपकिरी पट्टे पडलेले दात, काठी टेकत चालणारे आजोबा)

लहानपणी दात घडत असताना पडलेले हे डाग पुढे घासून जात नाहीत, आणि जास्त प्रमाणाचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास सांधे आणि मणका आखडतात.

(दृश्य: बाभळीने वेढलेली जुनी विहीर)

ही विहीर गावाच्या वरच्या अंगाला आहे. हातपंप आल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकत नव्हते. यंदा गाळ उपसला, कठडा बांधला, वरून जाळी टाकली. तिच्यात टीसीएल टाकावी लागेल आणि वैशाखात पाणी पुरेल का, तेही पाहावे लागेल. ताईंनी नमुना भरला आहे. द्रावण पडले, बाटली हलवली, पट्टीशेजारी धरली. पाणी गुलाबीच आहे.