ऑर्डर आली, पण शीटमध्ये उतरली का?

(ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात घरगुती आणि लहान विक्रेत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)

मंडळी, येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांचा व्यवसाय वहीवर सुरू झाला असेल. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी यायची आणि वहीत नाव, माल, रक्कम व शेवटी 'पोचले' किंवा 'बाकी' असा शेरा पडायचा. पुढे ऑनलाइन दुकान आले आणि त्याच्याबरोबर एक नवे काम आले: दिवसभरातल्या ऑर्डरी रात्री एकेक उघडून गूगल शीटमध्ये उतरवायच्या. पाच ऑर्डरी असतात तेव्हा या कामाचे काही वाटत नाही. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात त्यालाच दोन तास लागतात आणि दमलेल्या माणसाच्या हातून नेमकी एक ओळ सुटते.

ती ओळ आपोआप यावी म्हणून काय करायचे, ते मी आज सांगणार आहे. जोडणी एका दुपारीत होते. पण माझा सारा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. आपोआप येणारी एखादी ओळ आली नाही, तर ती आली नाही हे आपल्याला त्याच दिवशी कळले पाहिजे. हाताने लिहिणाऱ्याला निदान आपण आज लिहिले की नाही, हे ठाऊक असते. यंत्रावर सोपवलेल्या कामात ही जाणीव उरत नाही, आणि तिची जागा भरून काढण्याची सोय जोडणीतच करावी लागते.

दुकानात ऑर्डरींची यादी असतेच, मग शीट कशाला, असा प्रश्न मला वारंवार विचारतात आणि तो रास्त आहे. माझी वहिनी कोपरीतल्या घरातून मसाले आणि फराळ विकते. तिला सकाळी उठल्यावर एकच गोष्ट हवी असते: आज भाजणीची चकली एकूण किती किलो आणि गोडा मसाला किती. वाशीच्या मसाला बाजारातून मिरची किती आणायची, हे त्यावर ठरते. दुकानाची यादी ग्राहकानुसार असते, तर स्वयंपाकघराला पदार्थानुसार बेरीज लागते. शिवाय मदतीला येणाऱ्या बायकांना दुकानाच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड देणे योग्य नाही. शीट लागते ती या दोन कारणांसाठी.

आता जोडणीकडे येतो. शीटला नवी ऑर्डर कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, शीटने ठरावीक वेळाने दुकानाला विचारत राहायचे. दुसरा, ऑर्डर पडताच दुकानाने स्वतः निरोप धाडायचा. कुरिअरवाल्याला आपण दर तासाने फोन करणे आणि त्याने इमारतीखाली आल्यावर आपल्याला फोन करणे, यात जो फरक आहे तोच इथे आहे. दुसऱ्या प्रकारच्या निरोपाला वेबहूक म्हणतात. हा शब्द जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केला. ज्यांचे दुकान शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या सेवेवर आहे त्यांना 'फ्लो' या अ‍ॅपमधून कोड न लिहिताही गूगल शीटमध्ये ओळ भरता येते. झेपियरसारख्या मध्यस्थ सेवाही हे काम करतात, मात्र ओळी वाढल्या की त्यांचे शुल्क वाढते. मी बोलणार आहे ते वूकॉमर्सचे, म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीवर चालणारे दुकान आणि शीटला छोटे प्रोग्रॅम जोडण्याची गूगलची सोय, अ‍ॅप्स स्क्रिप्ट, यांच्याविषयी, कारण लहान विक्रेत्याला त्यात वेगळा मासिक खर्च पडत नाही.

शीटच्या 'एक्स्टेन्शन्स' मेनूतून अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडते. तिथे 'डूपोस्ट' (doPost) नावाचे फंक्शन लिहायचे. बाहेरून निरोप आला की गूगल तेच चालवते. स्क्रिप्ट वेब अ‍ॅप म्हणून प्रकाशित केली की एक लांबलचक लिंक मिळते आणि ती लिंक वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये, 'अ‍ॅडव्हान्स्ड'खालच्या वेबहूकच्या पानावर चिकटवायची. प्रकाशित करताना 'कोणालाही' प्रवेश आहे असे निवडावे लागते, नाहीतर दुकानाचा निरोप गूगलच्या लॉगिनच्या दारातच अडतो. वेबहूक जतन करताच दुकान चाचणीचा एक निरोप पाठवते, त्यात ऑर्डर नसते, नुसता वेबहूकचा क्रमांक असतो. स्क्रिप्टने तो ऑर्डर म्हणून वाचायचा प्रयत्न केला की ती पहिल्याच पावलाला अडखळते, म्हणून तो ओळखून बाजूला ठेवावा. पुढे कोड बदलला तर 'नवे डिप्लॉयमेंट', म्हणजे नवे प्रकाशन, करू नये, कारण त्याने लिंकच बदलते. असलेल्या डिप्लॉयमेंटचीच नवी आवृत्ती काढावी.

दार सर्वांसाठी उघडे ठेवल्यावर आलेला निरोप आपल्याच दुकानाचा कशावरून, हा प्रश्न येतो. वूकॉमर्स प्रत्येक निरोपाच्या शीर्षभागात (हेडरमध्ये) खरेपणा पटवणारी सही पाठवते. पण अ‍ॅप्स स्क्रिप्टला तो शीर्षभाग वाचताच येत नाही, त्यामुळे ती सही तिच्या उपयोगाची नाही. यावर साधा उपाय म्हणजे लिंकच्या शेवटी स्वतःचा एक लांब परवलीचा शब्द जोडावा आणि तो जुळला तरच स्क्रिप्टने पुढे जावे. ही लिंक मग घराच्या किल्लीसारखी जपावी लागते. मदत मागताना तिचा स्क्रीनशॉट कोणत्याही ग्रुपवर टाकू नये.

येथे मला तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा प्रसंग सांगायचा आहे, कारण आजच्या व्याख्यानाचे मूळ त्यात आहे. वहिनीच्या दुकानाची जोडणी मीच केली होती आणि ती चार महिने बिनबोभाट चालली होती. वसुबारसेच्या तीन दिवस आधी पनवेलच्या एका बाईंचा फोन आला: पैसे खात्यातून गेले, फराळ मात्र निघालेलाच दिसत नाही. शीटमध्ये त्यांचे नाव नव्हते. दुकानात पाहिले तर त्यांच्यासह अकरा ऑर्डरी अशा होत्या, ज्यांच्यातली एकही शीटमध्ये उतरली नव्हती. आदल्या दिवशी माझ्या पुतणीने नीटनेटकेपणा म्हणून शीटच्या कप्प्याचे, म्हणजे खालच्या टॅबचे, 'ऑर्डर' हे नाव बदलून 'ऑर्डर दिवाळी' केले होते. माझी स्क्रिप्ट कप्पा नावाने शोधत होती; तो सापडला नाही, चूक उद्भवली आणि ती चूक मी लिहिलेल्या कोडनेच झाकून टाकली. मुलीचा यात काडीचा दोष नव्हता. नाव बदलले तर काय होईल याचा विचार करणे माझे काम होते.

त्याहून गंभीर गोष्ट मला त्या रात्री समजली. एरवी निरोप पोचला नाही तर वूकॉमर्सला समोरून नकाराचा कोड मिळतो आणि असे सलग पाच-सहा वेळा झाले की ते वेबहूक बंद करून टाकते. बंद पडलेले वेबहूक निदान दिसते तरी. पण अ‍ॅप्स स्क्रिप्टला उत्तराचा कोड स्वतः ठरवता येत नाही. तिने चूक पकडून 'मला जमले नाही' असे शब्द परत पाठवले, तरी दुकानाच्या लेखी ते पत्र पोचल्याची पावतीच असते. त्या दीड दिवसात दुकानाच्या पानावर वेबहूक 'सक्रिय' होते, शीट उघडत होती, कुठेही लाल अक्षर नव्हते, आणि अकरा घरचा फराळ आमच्या हिशेबातच नव्हता. तो आम्ही रात्रभर जागून तळला आणि दोघांना मी स्वतः स्कूटरवरून नेऊन दिला, परंतु एका घरी तो पाडव्यानंतर पोचला. त्या गृहस्थांनी पुन्हा ऑर्डर दिली नाही, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

त्यानंतर मी जोडणीची रचना बदलली. आलेला निरोप आधी जसाच्या तसा एका वेगळ्या, कुलूपबंद कप्प्यात ठेवायचा आणि मगच त्याची चिरफाड करून ओळ भरायची. पुढचा टप्पा कोसळला तरी मूळ कागद हातात राहतो. कप्पा नावाने न शोधता त्याच्या अंतर्गत क्रमांकाने शोधायचा, जो नाव बदलले तरी बदलत नाही. आणि तिसरी गोष्ट, जिच्याशिवाय पहिल्या दोन अपुऱ्या आहेत, ती म्हणजे रात्रीचा ताळा. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान एक वेगळी स्क्रिप्ट दुकानाला स्वतः विचारते की गेल्या तीन दिवसांत कोणकोणत्या ऑर्डरी आल्या, त्यांचे क्रमांक शीटमधल्या क्रमांकांशी ताडून पाहते आणि मला ईमेल करते. या विचारणेसाठी दुकानाकडून फक्त वाचण्याची परवानगी असलेली किल्ली (एपीआय की) घ्यावी. दुकान एका वेळी मुळात दहाच ऑर्डरी देते, मागितल्या तर शंभरपर्यंत. ही मर्यादा न पाहता ताळा लिहिणाऱ्याला अकरावी ऑर्डर कधीच दिसत नाही.

हे ईमेल रोज आले पाहिजे, सारे ठीक असतानाही, हे मी मुद्दाम ठासून सांगतो. केवळ गडबड झाल्यावर ईमेल येणार असेल, तर ज्या दिवशी ताळा करणारी स्क्रिप्टच बंद पडेल त्या दिवशीची शांतता आपण सुखरूपतेची समजू. रोज 'दुकानात चौदा, शीटमध्ये चौदा' एवढी एक ओळ यावी. ती आली नाही की सकाळी चहाआधी शीट उघडावी.

काही जण ताळ्याऐवजी ऑर्डरीच्या क्रमांकांवर विसंबतात आणि मधला क्रमांक गळाला की घाबरतात. शॉपिफायवर क्रमांक १००१ पासून ओळीने लागतात, तिथे ही पद्धत काही अंशी चालेल. वूकॉमर्सचे क्रमांक मात्र वर्डप्रेसमधल्या इतर नोंदींशी वाटून घेतलेले असतात. एखादे छायाचित्र चढवले किंवा पान लिहिले तरी क्रमांक खर्ची पडतो. तेव्हा २४१० नंतर एकदम २४१७ आली, तर सहा ऑर्डरी हरवल्या असे समजू नये.

ओळ कशी असावी यावर थोडे अधिक बोलतो, कारण रोजचा त्रास तिथेच होतो. एका ऑर्डरीत चकली, अनारसे आणि चिवडा असे तीन जिन्नस असतात. ते तिन्ही एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन कोंबले, तर चकलीची बेरीज कधीही होणार नाही. म्हणून दोन कप्पे असावेत: एकात ऑर्डरीमागे एक ओळ, दुसऱ्यात जिन्नसामागे एक ओळ, आणि दोन्हीत ऑर्डर क्रमांक समान. मग पिव्होट टेबल या शीटमधल्या गटवार बेरजेच्या सोयीने वहिनीची सकाळची बेरीज क्षणात निघते. एकाच ऑर्डरीचे निरोप अनेकदा येतात. स्टेटस बदलले, पत्ता दुरुस्त केला, की पुन्हा निरोप. त्यामुळे आधी क्रमांक शोधायचा, सापडला तर तीच ओळ दुरुस्त करायची, नाही सापडला तरच नवी भरायची. हे शोधणे आणि भरणे एकाच वेळी दोन निरोपांसाठी चालू झाले तर दुहेरी ओळ पडते, म्हणून स्क्रिप्टच्या कुलपाची सोय वापरावी. कुरिअरचा क्रमांक, 'बांधले', 'पोचले' असे माणसांनी भरायचे रकाने त्याच ओळीत, पण उजवीकडे ठेवावेत आणि स्क्रिप्टने त्यांना हात लावू नये. ऑर्डर पडली म्हणजे पैसे आले असेही नाही. यूपीआय अर्धवट सोडलेल्या ग्राहकाची ऑर्डरही 'पेमेंट बाकी' अशा स्टेटसने शीटमध्ये उतरते, आणि स्टेटसचा रकाना न पाहता पार्सल बांधणाऱ्याचे नुकसान होते.

मोबाइल क्रमांकाचा रकाना आधीच 'साधा मजकूर' करून ठेवावा, नाहीतर +९१ ने सुरू होणारा क्रमांक शीट गणित समजून वाचू लागते. तारखेचेही तसेच आहे: निरोपात दुकानाची स्थानिक वेळ आणि ग्रीनिच वेळ अशा दोन्ही असतात. दुसरी घेतली तर पहाटे तीनची ऑर्डर साडेपाच तास मागे जाऊन आदल्या दिवशीच्या रात्री साडेनऊला नोंदली जाते आणि दोन्ही दिवसांच्या बेरजा चुकतात. वर्डप्रेस, शीट आणि स्क्रिप्ट या तिन्ही ठिकाणी भारतीय वेळ आहे ना, हे एकदा तपासावे. ज्यांच्या दुकानात वर्दळ कमी आहे त्यांच्याकडे निरोपच काही वेळ उशिरा निघू शकतो, कारण वर्डप्रेसची पाठीमागची कामे बहुधा कोणी साइटवर आल्यावरच पुढे सरकतात.

शीटमध्ये लोकांची नावे, पत्ते आणि फोन साठत जातात, याचे भान ठेवावे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्यासमोर आहेच, पण कायदा नसता तरी ज्या बाईंनी विश्वासाने आपला पत्ता दिला त्यांची माहिती 'लिंक असलेला कोणीही' पाहू शकेल अशा शीटमध्ये असणे मला पटत नाही. पॅकिंगसाठी वेगळी शीट करून त्यात फक्त ऑर्डर क्रमांक, जिन्नस आणि वजन IMPORTRANGE या सूत्राने ओढून घ्यावे व ती केवळ पाहण्यासाठी द्यावी. तिच्यात बदल करण्याची परवानगी दिली, तर तीच ओढण्याची वाट वापरून मूळ शीटमधले फोन क्रमांकही काढता येतात.

आता प्रत्यक्षच पाहू. पुढच्या रांगेतल्या ताईंनी मोबाइलवरून माझ्या प्रयोगाच्या दुकानात पाव किलो गोडा मसाला मागवला आहे. पडद्यावर पाहा, ओळ आली. या शीटला मी मुद्दाम माझी जुनी, नावावर चालणारी स्क्रिप्ट ठेवली आहे. मी कप्प्याचे नाव बदलतो. ताई, कृपया तीच ऑर्डर पुन्हा द्या. दुकान म्हणते ऑर्डर मिळाली, वेबहूकसमोर 'सक्रिय' असेच लिहिलेले आहे, आणि आपण सगळे बघत असताना शीटमध्ये एक मिनिट होऊन गेले तरी काही आलेले नाही. आता रात्रीचा ताळा हाताने चालवतो. हे ईमेल: 'दुकानात दोन, शीटमध्ये एक', आणि त्याखाली ताईंच्या दुसऱ्या ऑर्डरीचा क्रमांक.