क्लेममध्ये ‘रबरी’ लिहायचं की ‘लवचीक’? नट-बोल्टवाल्यांसाठी पेटंट

नमस्कार मंडळी. हा बघा एम-16 चा, म्हणजे 16 मिलिमीटर व्यासाचा बोल्ट. (कॅमेऱ्याजवळ धरून) आट्यांचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, 2 मिलिमीटर, म्हणजे आट्याचा चढ साधारण अडीच अंशांचा. एवढं लक्षात असू द्या.

आपल्या कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत नट-बोल्टवर डोकं लढवणारे खूप आहेत. उसाची भरलेली ट्रॉली हादरत कारखान्यावर जाते, नट ढिले होतात, मग कुणीतरी न सुटणारा वॉशर बनवतो. पेटंटचा विषय निघतो. ड्रॉइंग झकास होतं आणि क्लेम, म्हणजे अर्जातलं ‘माझा शोध नेमका एवढा’ सांगणारं वाक्य, मात्र घाईघाईत लिहिला जातो. मला याचंच वाईट वाटतं, कारण आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 10 प्रमाणे हक्काची हद्द क्लेमच ठरवतो.

समजा क्लेम असा आहे: ‘दोन चकत्यांचा वॉशर, समोरासमोरच्या बाजूंवर उतार, उताराचा कोन आट्याच्या चढाच्या कोनापेक्षा जास्त.’ म्हणजे इथे अडीच अंशांच्या वर. नट उलटा फिरायला लागला की चकत्या एकमेकींच्या उतारावर चढतात. आट्यावरून नट जेवढा मागे सरकेल त्यापेक्षा त्या जास्त उचलल्या जातात, बोल्ट उलट ताणला जातो. पण असे वॉशर बाजारात आधीपासून आहेत. पेटंट कार्यालयाचा परीक्षक तेच पुढे ठेवून ‘यात नवीन काय?’ म्हणणार.

मग आपण भर घालतो: ‘आणि कडेला रबरी कडी’. आता दोन प्रश्न उभे राहतात. कडी आणि उतार आपापलं काम वेगवेगळं करत असतील, तर कलम 3(एफ) आडवं येतं. ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या तर तो शोध होत नाही. कडीमुळे चकत्या सरकत नाहीत आणि उतार नेमके बसतात, असं काही एकत्रित काम दाखवावं लागेल. दुसरा प्रश्न शेजारच्या कारखानदाराचा. त्याने रबराऐवजी नायलॉन लावलं तर? ‘रबरी’ लिहून तुम्ही त्याला वाट मोकळी करून दिलीत. ‘लवचीक कडी’ लिहून वर्णनात रबर, नायलॉन दोन्ही नोंदवलं असतं, तर तुमची बाजू भक्कम राहिली असती.

पण कोर्ट शब्द फूटपट्टीने मोजत बसतं असंही नाही. ब्रिटनमधला कॅटनिक या कंपनीचा खटला पोलादी लिंटेलचा, म्हणजे दार-खिडकीवरच्या तुळईचा होता. क्लेममध्ये मागची पट्टी ‘उभी’ म्हटली होती, प्रतिस्पर्ध्याने ती 6 ते 8 अंश कलती केली. भार पेलण्यात फरक नगण्य. बांधकामातला जाणकार ‘उभी’ म्हणजे काटेकोर 90 अंश असं समजेल का, हे हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) पाहिलं आणि पेटंटचा भंग झाला असंच ठरवलं. ‘-साठी’ या शब्दाचंही तसंच. जपानी पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांत ‘क्रेनसाठी हुक’ हे उदाहरण आहे: मासे पकडायचा गळ आकाराने हुकच, पण क्रेनचं वजन त्याला पेलणार नाही, म्हणून तो त्या क्लेमच्या आड येत नाही. ‘ट्रॉलीसाठी वॉशर’ लिहिताना हे डोक्यात ठेवा. ट्रॉलीवर चालू शकेल असा कोणताही जुना वॉशर मात्र तुमच्या आड येऊ शकतो.

आणि नंतर दुरुस्त करू म्हणाल, तर कलम 59 वाचा. दुरुस्तीने क्लेम आवळता येतो, मूळ हद्दीबाहेर वाढवता येत नाही. म्हणून पेटंट एजंटकडे जाताना ड्रॉइंगसोबत एक कागद न्या: कोणता भाग बदलला तरी वॉशर चालेल आणि कोणता बदलला तर बंद पडेल. तो कागद तुमच्याइतका चांगला कुणीच लिहू शकत नाही.