पट्ट्याच्या सांध्यात काय उरतं?

गोव्यातून म्हाकूळ गोठवून परदेशी जाते. कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतही मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यात पाळी संपली की लाइन धुतली जाते आणि स्टीलची टेबलं लखलखतात. पण कन्व्हेयरचा पट्टा उचलून त्याच्या सांध्याखाली हातमोज्याचं बोट फिरवा. बुळबुळीत काही लागलं, तर तिथे बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, असण्याची दाट शक्यता आहे.

जिवाणू आधी पृष्ठभागाला चिकटतात, मग स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा चिकट थर तयार करतात. वरून ओतलेलं क्लोरीन त्या थरावरच खर्ची पडतं; आतले जिवाणू शाबूत राहतात. त्यांत लिस्टेरिया हा रोगजंतू असला तर तो शीतगृहाच्या थंडीतही वाढतो. गरोदर स्त्रिया, नवजात बाळं, म्हातारी माणसं यांच्या तो जिवावर बेततो. नुसत्या चकाकीवर भिस्त ठेवायची नाही, ती एवढ्यासाठी.

धुताना आधी मासळीचे तुकडे उचलायचे, मग कोमट पाणी. कढत पाण्याने प्रथिनं शिजून स्टीलला घट्ट बसतात. नंतर अल्कधर्मी फेस, पुन्हा पाणी, शेवटी जंतुनाशक. आणि फेस असताना ब्रशने घासणं, त्याला पर्याय नाही.

आता तपासणी. १० बाय १० सेंटिमीटरच्या चौकोनावर स्वॅब फिरवतात. त्याच्या नळीत ल्युसिफरेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या सत्तरीच्या रानात काजवे चमकतात, ते याच विकरामुळे. एटीपीशी, म्हणजे सजीव पेशींतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशी, गाठ पडली की उजेड पडतो, यंत्र तो मोजतं आणि काही सेकंदांत आकडा दाखवतं.

मात्र एटीपी मासळीच्या रसातही असतं. मोठा आकडा म्हणजे सफाई अपुरी, एवढंच. आकडा लहान आला म्हणून लिस्टेरिया नाही असं मानणं मात्र धोक्याचं, कारण चिवट थरातलं सगळं काही स्वॅबवर येत नाही.

लिस्टेरियाचा स्वॅब प्रयोगशाळेत जातो, निकालाला काही दिवस लागतात. तो धुतल्या धुतल्या घेऊ नये. युरोपीय मार्गदर्शिका सांगते, काम सुरू होऊन किमान २ तास झाल्यावर किंवा पाळी संपताना, धुण्याआधी घ्या. पट्टा हादरत चालला की सांध्यात दडलेले जिवाणू पाण्याबरोबर बाहेर येतात. लिस्टेरिया सापडला, तर सांधा खोलायचा, चिरलेलं गॅस्केट (सांध्यातली रबरी चकती) बदलायचं, सुटे भाग घासून धुवायचे आणि त्याच जागेचे स्वॅब पुन्हा पुन्हा घ्यायचे.