पडद्यावरची बंदूक बघताना

श्रोतेहो, नमस्कार.

मारधाडीचा सिनेमा बघताना नायकाच्या पिस्तुलातून किती गोळ्या सुटल्या हे मोजणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत. मोजावंच, पण आधी हत्यारात किती मावतात ते माहीत हवं. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये बहुतेक वेळा सहा. आपल्याकडच्या पोलिसांकडे दिसणाऱ्या, ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ९ एमएम पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, तेरा. भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलीत वीस, एके-४७ मध्ये तीस. गावठी कट्टा बहुतेक एकबारी असतो. बार उडाला की तो उघडायचा, पुंगळी ओढून काढायची आणि नवं काडतूस घालायचं. त्यामुळे कट्ट्यातून लागोपाठ तीन बार निघाले, तर तिथं कुणी लक्ष दिलेलं नाही.

एके-४७ चा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा, म्हणजे सेकंदाला दहा. चाप दाबून धरला तर अख्खं मॅगझीन तीन सेकंदांत संपतं. पडद्यावर ती पंधरा-पंधरा सेकंद धडधडते. मात्र चूक धरताना न्यायानं वागावं. मध्ये दुसरा शॉट आला असेल तर तेवढ्यात मॅगझीन बदललं असं मानता येतं. न कापलेल्या एकाच शॉटमध्ये पंधरा सेकंद गोळीबार झाला, तर ती चूकच.

गोळ्या मोजण्यापेक्षा हत्याराची अवस्था बघणं जास्त फळ देतं. ९ एमएम पिस्तुलाला मागे घोडा, म्हणजे ठोका देणारा खटका, असतो आणि तो मागे ओढलेला असल्याशिवाय चाप दाबून काही होत नाही. इन्स्पेक्टर खलनायकाच्या छातीवर पिस्तूल रोखून उभा आहे आणि घोडा खाली पडलेला आहे, तर त्या पिस्तुलातून गोळी सुटणार नाही. ग्लॉक पिस्तुलाला बाहेर घोडाच नसतो, तरी धमकी देताना घोडा ओढल्याचा ‘कटक्’ आवाज त्याला हमखास चिकटवलेला असतो. शेवटची गोळी सुटली की आजच्या बहुतेक पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागेच अडकून राहते. म्हणजे पिस्तूल रिकामं झाल्याचं बघताक्षणी कळतं. नायक बंद स्लाइडचं पिस्तूल ‘खट खट’ दाबत राहतो ते फक्त आपल्याला कळावं म्हणून. आणि प्रत्येक संवादाआधी स्लाइड ओढणारा माणूस दर खेपेला एक जिवंत काडतूस जमिनीवर टाकत असतो. ते पडताना दिसत नाही, कारण आत काही नसतंच.

या चुका नुसत्या अज्ञानातून होत नाहीत. एक चकमक पडद्यावर चार मिनिटं दिसते, पण ती चार दिवस चित्रित होते. आधी लांबून सगळं दृश्य, मग एकेकाचे क्लोजअप, तेही क्रम सोडून. बंदूक खरी असो वा ब्लँक, म्हणजे गोळी नसलेलं नुसत्या दारूचं काडतूस, उडवणारी, ‘कट’ म्हटल्याबरोबर हत्यारं सांभाळणारा माणूस ती काढून घेतो, मॅगझीन काढतो, नळी तपासतो, घोडा खाली करतो. सुरक्षेसाठी हे झालंच पाहिजे. पुढच्या टेकला तेच पिस्तूल नटाच्या हातात परत येतं तेव्हा त्याची अवस्था पालटलेली असते आणि क्षणापूर्वी वर असलेला घोडा पडद्यावर एकदम खाली दिसतो.

म्हणून कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बघणाऱ्या सहायकानं प्रत्येक टेकनंतर चार गोष्टी लिहाव्यात: घोडा वर की खाली, स्लाइड बंद की मागे, मॅगझीन लावलेलं की नाही, आणि हत्यार कुठल्या हातात, बोट चापावर की बाहेर. सोबत दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो. जखमेची पट्टी, घाम, शर्टावरच्या रक्ताच्या डागाचा आकार हेही त्याच फोटोत येतं.

मराठवाड्यात घडणाऱ्या कथेत आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे शेत. पाठलाग शेंगांनी भरलेल्या उंच तुरीत सुरू होतो आणि पुढच्या शॉटला माणसं सोयाबीनच्या हिरव्या पिकातून बाहेर पडतात. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास निघून जातं, तूर पुढं जानेवारीपर्यंत उभी असते. दोन शॉटमध्ये दोन महिन्यांचं अंतर आहे हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जुन्या काळातल्या कथेत पाट्याही बघाव्यात. १९७५ सालच्या गोष्टीत ‘लातूर जिल्हा’ असा फलक चालणार नाही, कारण तो जिल्हा १९८२ मध्ये झाला. हिंगोली तर १९९९ मध्ये. तसंच एमएच-२० किंवा एमएच-२६ अशी नंबरप्लेटही सत्तरच्या दशकात नव्हती.

आणि मुक्तिसंग्राम. सप्टेंबर १९४८ ची हैदराबाद कारवाई दाखवायची असेल, तर हत्यारांच्या बाबतीत हयगय नको. आजही अनेक घरांत त्या दिवसांची आठवण जिवंत आहे. त्या काळाला शोभणारी हत्यारं म्हणजे दहा गोळ्यांची .३०३ रायफल, डाव्या अंगाला आडवं मॅगझीन असलेली स्टेन गन, वर वाकडं मॅगझीन असलेली ब्रेन गन, बारा बोअरची दुनळी आणि ठासणीच्या बंदुका. .३०३ चा बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, प्रत्येक गोळीनंतर हातानं मागे-पुढे करावा लागतो. नट तो न हलवता दुसरी गोळी झाडतो, ही चूक फार दिसते. ब्रेनचं मॅगझीन जवळपास सरळ दिसलं, तर ती नंतरच्या ७.६२ गोळीसाठी केलेली आवृत्ती आहे हे ओळखावं. सोव्हिएत सैन्यानं एके-४७ स्वीकारली तीच १९४९ मध्ये. १९७१ च्या युद्धपटात आपल्या जवानाच्या हाती एसएलआर ही त्या काळातली रायफल हवी, इन्सास नको. इन्सास नव्वदच्या दशकातली.

आता आवाज. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि रायफलीची गोळी त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगानं. म्हणून लांबून गोळी झाडली तर ती आधी लागते आणि बार मागाहून ऐकू येतो. पडद्यावर दोन्ही एकाच क्षणी घडतं. सायलेन्सर लावल्यावर ‘फुस्स’ एवढाच आवाज येतो हेही खोटं आहे. तो साधारण २० ते ३० डेसिबल कमी करतो, पण मुळातला बार १५० च्या वर असतो. रिव्हॉल्व्हरला तर सायलेन्सर लावून उपयोग जवळपास नाहीच, कारण सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून वायू बाहेर निसटतो.

गोळी लागल्यावर माणूस मागे उडतो, ही बहुधा सर्वांत जुनी थाप. हिशेब करू. ९ एमएमची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३६० मीटर. ती ७० किलोच्या माणसात अडकली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर. जो धक्का लागणाऱ्याला बसतो, तितकाच झाडणाऱ्याच्या हाताला बसलेला असतो. झाडणारा उडाला नाही, तर लागणाराही उडणार नाही. माणूस बहुतेक वेळा जागच्या जागी कोसळतो. साध्या गोळीनं गाडीची पेट्रोलची टाकी फुटून भडका उडत नाही. मोटारीच्या दाराआड लपणंही उपयोगाचं नाही, कारण पत्र्यातून गोळी आरपार जाते. आडोसा घ्यायचा तर इंजिनाच्या बाजूला.

एक गोष्ट चुकीसारखी दिसते, पण चूक नसते. नट पिस्तूल समोरच्याच्या किंचित बाजूला रोखतो. ब्लँकमध्ये गोळी नसली तरी नळीच्या तोंडातून तप्त वायू आणि कण जोरात येतात. जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकी नट १९८४ मध्ये ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून उडवल्यानं दगावला. कॅमेऱ्याच्या कोनामुळे तिरकेपणा लपतो, आणि कधी लपला नाही तरी त्याला नावं ठेवू नयेत.

आपल्या भागात नाट्यशास्त्राचे विद्यार्थी आणि हौशी मंडळी शॉर्ट फिल्म करतात. त्यांनी खरं हत्यार किंवा ब्लँक यांच्या वाटेला जाऊ नये. खेळण्यातलं पिस्तूल वापरून ठिणगी संगणकावर टाकावी, तीही एकाच फ्रेमपुरती, कारण खरी ठिणगी तेवढीही टिकत नाही. दुसऱ्या फ्रेमला फक्त धूर. नटानं मनगटाला हलका झटका द्यावा. नळीचं तोंड समोरून दाखवू नये, आतलं बारीक भोक लगेच ओळखू येतं. रस्त्यावर चित्रीकरण असेल तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं, नाहीतर बघणारे घाबरतात आणि पोलीसही धावून येतात. बजेट कमी असेल तर कथेतल्या माणसाला पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर द्यावं. त्यात स्लाइड हलवायला नको आणि पुंगळ्या उडवायलाही नकोत, त्या सिलिंडरमध्येच राहतात. फक्त समोरून सिलिंडरची भोकं रिकामी दिसतात, तेव्हा त्यात तांबूस रंगवलेली लाकडी टोकं बसवावीत, आणि सहाव्या बारानंतर त्या माणसाला भरायला वेळ द्यावा.

नमस्कार.