दार टेकतं कुठे?

[दृश्य: बंद होणारं दार, चौकटीच्या कडेवर कॅमेरा]

घर बघायला गेलं की आपण कडी हलवून बघतो, कुलूप फिरवून बघतो. दार टेकतं कशावर, ते कुणी बघत नाही. चौकटीच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंनी आणि वरून फिरलेली ही कड बघा. वाऱ्याने दार धाडकन आपटलं की मार हिला बसतो. ही नसेल तर दार चौकटीच्या पलीकडे जाऊ पाहील आणि बिजागरीचे स्क्रू उपटून येतील. फटीतला उजेड, वारा, पावसाची झड अडवते तीही हीच.

[दृश्य: जुन्या वाड्याचं दार, आतून]

वाड्यांतल्या जुन्या दारांचा प्रकार निराळा. झडपेच्या वर-खाली खुंट्या, खालची दगडाच्या खळग्यात फिरणारी. झडपा आतून चौकटीवरच टेकायच्या आणि मागून अडसर. दोन झडपांमधली फट झाकायला एकीवर उभी पट्टी. तिच्यावर नक्षीकाम करायलाही सुतार विसरत नसे.

[दृश्य: सुताराचा कट्टा, चौकटीचं लाकूड]

आजची आपली नेहमीची पद्धत म्हणजे चौकटीच्या अखंड लाकडातच खाच काढायची. खोली साधारण अर्धा इंच, रुंदी दाराच्या जाडीएवढी. काम भक्कम, वादच नाही. पण खाच एकदा पडली की पडली. लाकूड मात्र गप्प बसत नाही. पावसाळ्यात ते रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच. तेवढ्याने भागलं तर कडेवरून रंधा मारता येतो. दाराला पीळ बसला, तर वरचा कोपरा खाचेला टेकतो आणि खालचा बाहेरच राहतो. तिथे रंधा काय करणार?

म्हणून दुसरी पद्धत: चौकट सपाट ठेवायची आणि वरून वेगळी पट्टी ठोकायची. अमेरिकेत घरातल्या दारांना हेच सर्रास चालतं. आपल्याकडे प्लायच्या चौकटींवरही.

[दृश्य: पट्टी बसवणारे हात, जवळून]

आता क्रम नीट बघा. आधी दार बसवलं, कडी लागते का ते पाहिलं. दार बंदच आहे. आधी वरची पट्टी, मग बाजूच्या दोन. कडीच्या बाजूला पट्टी दाराला अलगद टेकते. बिजागरीच्या बाजूला मधे जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरलाय, कारण तिथे फट लागतेच. ती ठेवली नाही तर रंगाचे दोन हात बसताच दार अडकायला लागतं. खिळे अर्धेच ठोकलेत. दार दोन-चारदा उघडून, लावून बघायचं आणि मगच डोकी आत घालायची. दाराला थोडा पीळ असेल, तर पट्टीही तेवढीच तिरकी बसवायची. डोळ्याला कळतसुद्धा नाही. पट्टीमागे फेविकॉल लावायचा मोह आवरायला हवा, कारण ती पुढेमागे काढावी लागते.

[दृश्य: वर-खाली सरकणारी खिडकी]

इंग्लंडमधल्या जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांत तर सगळी दुरुस्ती अशा पट्टीपासूनच सुरू होते. झडप तोलून धरणाऱ्या वजनाची दोरी तुटली की आतली पट्टी पटाशीने हलकेच उचकटतात आणि आतली झडप अख्खी हातात येते. बाहेरची काढायला मधली बारीक पट्टीही सोडवावी लागते. नवी दोरी ओवली की झडपा परत जागेवर, आणि पट्ट्या बहुधा त्याच जुन्या.