पंधरा सेकंदांत सोळा ठोके

(दृश्य: पहाट. तापीचा काठ. धुक्यातून घोड्याच्या फुरफुरण्याचा आवाज.)

मार्गशीर्षातली पहाट. तापीवर धुकं इतकं दाट उतरलंय की पलीकडचा काठ दिसत नाही, नुसता पाण्याचा आवाज येतो. शेकोटीभोवती आठ-दहा माणसं बसली आहेत. कुणाच्या अंगावर घोंगडी, कुणाच्या अंगावर कॉलेजातलं जुनं जर्किन. थोडं लांब, बाभळीच्या रांगेला घोडे बांधलेत.

त्यातली ती पांढरी घोडी बघा. चांदणी तिचं नाव. रुंद कपाळ, नाकाच्या हाडावर हलकासा खळगा, मोठ्या नाकपुड्या, आणि चालायला लागली की झेंड्यासारखी उभी राहणारी शेपटी. शुद्ध अरबी घोडी. तिच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून एक मुलगी खाली वाकली आहे. दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर सेकंद मोजले जातायत. ओठ हलतात, आवाज येत नाही.

"नऊ," ती म्हणते. पंधरा सेकंदांत नऊ ठोके, म्हणजे मिनिटाला छत्तीस. विश्रांतीत असलेल्या घोड्याची नाडी २८ ते ४४च्या दरम्यान असते. चांदणी ठीक आहे. मुलगी वहीत आकडा लिहिते.

गेली काही वर्षं मी या मंडळींबरोबर कॅमेरा घेऊन फिरतो. शहादा, दोंडाईचा, शिरपूर या पट्ट्यातली ही माणसं. कुणी केळीवाला, कुणी डेअरीवाला, एक प्राथमिक शिक्षक, वरातीला घोडी देणारे दोघे भाऊ आणि एक पशुवैद्य. घोडे पाळणाऱ्यांच्या या गटाला आम्ही नुसतं 'मंडळ' म्हणतो. मंडळात अरबी घोडे तीनच, बाकीचे मारवाडी, काठियावाडी आणि एक मिश्र रक्ताचा. पण मंडळाची सुरुवात झाली ती अरबी घोड्याच्या वेडातून, आणि आज जे शिस्तीचं काम चालतं तेही त्याच घोड्याने शिकवलंय.

(दृश्य: नदीकाठचा जुना रस्ता, बैलगाडीची चाकोरी.)

अरबी घोडा खानदेशाला परका नाही. सुरत बंदर ते बऱ्हाणपूर हा मोगल काळातला हमरस्ता याच तापीच्या खोऱ्यातून जायचा. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला पोचला. अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावरून घोडे गलबतांत चढायचे, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरायचे आणि तिथून देशावर यायचे. जुन्या मराठीत अरबी घोड्याला 'ताजी' म्हणत. ज्या भाषेत पागा, शिलेदार, बारगीर, खोगीर, मोतद्दार असे शब्द रोजच्या बोलण्यात होते, तिथे ताजीलाही जागा होतीच.

आणि हा घोडा नुसता इथे आला नाही, जगभर गेला. सीरियातल्या अलेप्पोजवळ घेतलेला एक अरबी घोडा १७०४ साली इंग्लंडला पोचला, त्याला डार्ली अरेबियन म्हणतात. आज रेसकोर्सवर धावणाऱ्या जगातल्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची बापाकडची ओळ त्याच्यापर्यंत जाते. पुण्याच्या, मुंबईच्या शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांचीही.

(दृश्य: सारंगखेड्याची यात्रा. गर्दी, रंगीत झुली, उंची मोजायची काठी.)

दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तीनशे वर्षांहून जुनी मानतात. अलीकडे तिथे चेतक फेस्टिव्हलही होतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. दादर ज्वारीचा कडबा, भिजवलेला हरभरा, तंबूत शेवभाजीचा वास, आणि सगळीकडे एकच बोलणं: किती इंच? पासष्ट? सहासष्ट? देवमन आहे का? कंठी? पंचकल्याण आहे का? नाचून दाखवा! (देवमन, कंठी म्हणजे गळ्याजवळचे शुभ मानलेले केसांचे भोवरे; पंचकल्याण म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा.)

या बाजारात खरा अरबी घोडा विरळाच. इथे राज्य मारवाडी, काठियावाडी, सिंधी आणि नुकऱ्याचं, म्हणजे जन्मापासून पांढऱ्या घोड्याचं. उंच घोड्याला भाव असतो, आणि अरबी घोडा काही उंच नसतो. साधारण ५७ ते ६१ इंच. पण 'अरबी' या शब्दाला मात्र भाव आहे, म्हणून कुठलाही पांढराशुभ्र घोडा कुणीतरी अरबी म्हणून पुढे करतो.

मीही त्यात सापडलो होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका बाजारात, सारंगखेड्याच्या नव्हे, एका व्यापाऱ्याने मला पांढरं शिंगरू 'अरबी' म्हणून दिलं. कागदही दिला, शिक्का मारलेला. वर्षभराने पशुवैद्यांनी त्याच्या नाकाजवळचे केस बाजूला सारले आणि मला जवळ बोलावलं. खाली कातडी गुलाबी होती. तो नुकरा होता. घोडा चांगला होता, आजही माझ्याकडे आहे आणि माझा जीव आहे त्याच्यावर. पण मी जे पैसे दिले ते घोड्याचे नव्हते, एका शब्दाचे होते.

म्हणून हे नीट बघून ठेवा. पांढरा दिसणारा अरबी घोडा जन्मतः पांढरा नसतो. तो तांबडा, तपकिरी किंवा काळा जन्मतो आणि वर्षागणिक केस पांढरे होत जातात. कातडी मात्र काळीच राहते. नुकऱ्याची कातडी गुलाबी. आता काळी कातडी दिसली म्हणजे घोडा अरबीच, असंही नाही, राखाडी होणारे मारवाडीही असतात. वंशाची खात्री करायची तर केस मुळासकट उपटून डीएनए तपासणीला द्यायचे आणि आईबापांशी जुळवायचे. शिक्क्याने वंश ठरत नाही.

देवमन बघू नका असं मी म्हणत नाही. आमच्या मंडळातल्या आबांनी आयुष्यभर भोवरे बघूनच घोडे घेतले. पण भोवऱ्याच्या आधी खूर बघा, दात बघा, पाय उचलून बघा.

(दृश्य: गोठा. कोरड्या भुशावर शिंगरू उभं राहायचा प्रयत्न करतंय.)

यंदाची मंडळाची मोठी बातमी म्हणजे हे शिंगरू. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते, आणि बहुतेक वेळा रात्रीच विते. या घोडीनेही मध्यरात्र उलटल्यावरच वेळ साधली. डेअरीवाले काका तीन रात्री गोठ्यात झोपले होते. शिंगरू पडलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आचळ धरलं पाहिजे, तीन तासांत जार पडली पाहिजे. हा हिशोब गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. पंचेचाळीस मिनिटांनी ते चारही पाय फाकवून उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. पहिला चीक पोटात गेला तेव्हा काकांनी देवाला हात जोडले. शिंगराच्या अंगात रोगाशी लढायची ताकद त्या चिकातूनच येते.

रंग तांबडा आहे. पण डोळ्यांभोवती बघा, चष्मा लावल्यासारखे पांढरट केस. म्हणजे हेही मोठेपणी आईसारखं पांढरं होणार.

या शिंगराच्या आधीची एक गोष्ट कॅमेऱ्यात नाही, पण सांगितली पाहिजे. अरबी घोड्यांत एक आनुवंशिक दोष असतो, एससीआयडी. त्यात शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते. जन्मतः धडधाकट दिसतं आणि चिकातून आलेलं संरक्षण ओसरलं की काही महिन्यांत जातं. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर दर वेळी चारात एक शक्यता अशा शिंगराची. वाहक घोडा स्वतः अगदी निरोगी असतो, बघून काहीच कळत नाही. घोडी फळवण्याआधी काकांनी तिची आणि नराची, दोघांचीही तपासणी करून घेतली. गावात लोक म्हणाले, घोड्याची कसली पत्रिका बघता? मला विचाराल तर मंडळाने आजवर केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

(दृश्य: पशुवैद्य मानेच्या शिरेतून रक्त घेतात. बर्फाची पेटी.)

यात्रेआधी ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने गेले. हा जीवाणूचा रोग आहे, घोड्यांना होतो, गाढवं-खेचरांना होतो आणि माणसालाही लागू शकतो. लस नाही. घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावंच लागतं. म्हणून काही घोडेमालक तपासणीच टाळतात, भीतीपोटी. भीती मला समजते. पण एका पाणवठ्यावर शंभर घोडे पाणी पितात तिथे एकाने लपवलं की शंभरांच्या जिवावर बेततं. आमच्या सगळ्या घोड्यांचे अहवाल निगेटिव्ह आले. वरातीच्या घोड्या देणारे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

(दृश्य: पुन्हा नदीकाठ. सूर्य वर येतोय.)

आणि आता आजचा दिवस. चाळीस किलोमीटरची दौड, एन्ड्युरन्स, म्हणजे दमाची. दोन फेऱ्या. नदीकाठ, केळीच्या बागा, पाटाचा रस्ता, काळ्या मातीची वाट आणि परत. इथे पहिला येणं एवढंच महत्त्वाचं नसतं. प्रत्येक फेरीनंतर घोड्याची तपासणी होते आणि ठरलेल्या वेळात नाडी ६४ किंवा त्याखाली आली पाहिजे. पंधरा सेकंदांत सोळा ठोके. सतरा आले तर घोडा थांबला.

अरबी घोडा इथेच आपलं पाणी दाखवतो. पातळ कातडी, हलकी चण, मोठ्या नाकपुड्या. अंगातली उष्णता चटकन बाहेर जाते, नाडी लवकर खाली येते. अमेरिकेत १९५५ पासून एका दिवसात शंभर मैलांची दौड होते, तिथेही वर्षानुवर्षं पुढे असतात ते अरबी आणि अरबी रक्ताचे घोडे.

चांदणीवर पहाटेची तीच मुलगी, आबांची नात, बसली आहे. एकोणीस वर्षांची. सुरुवातीलाच घोडी ओढायला लागते. मागून आबांचा आवाज येतो, "घाई नको करू, माय. घोडीले दम खाऊ दे."

दोन तासांनी पहिली फेरी संपवून ती येते. उतरते, खोगीर काढते, तंग सुटतो. मानेवर आणि मागच्या मांड्यांच्या आत, जिथे मोठ्या शिरा आहेत तिथे पाणी, मग पट्टीने निथळून पुन्हा पाणी. समोर बादली. चांदणी घटाघटा पिते.

यावरून आबांचं आणि नातीचं वर्षभर वाजलं होतं. तापलेल्या घोड्याला पाणी पाजायचं नाही, पोट धरतं, हे आबांच्या वडिलांपासून चालत आलेलं. पशुवैद्यांनी समजावलं: घामातून पाणीही जातं आणि मीठही, तहानलेला घोडा तसाच ठेवला तरच पोटशूळाची भीती जास्त. आबांनी ऐकून घेतलं, मान्य केलं असं नाही. पण आज बादली भरून आणली ती त्यांनीच.

सहाव्या मिनिटाला नाडी साठ. मारवाडी घोडा शेजारी अजून सत्तरीत आहे. मुलीच्या चेहऱ्यावर हसू.

मग पशुवैद्य म्हणतात, "दुडकी चालीने पळवून दाखव."

ती लगाम हातात धरून पुढे पळते, घोडी मागे. तीस पावलं जाणं, तीस पावलं येणं. मला काही वेगळं दिसत नाही. डॉक्टरांना दिसतं. "परत एकदा." आता मीही बघतो. उजवा पुढचा पाय टेकला की डोकं किंचित वर जातं. इतकं किंचित, की बाजारात कुणाचं लक्षही गेलं नसतं. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून घोडा मान उचलतो.

नालबंद पाय उचलून नाल बघतो. नालेच्या आत, तळव्याला अडकलेला हरभऱ्याएवढा खडा. खडा निघतो, पण तळवा दाबला की घोडी पाय ओढून घेते.

"आज इथेच," डॉक्टर म्हणतात.

मुलगी काही बोलत नाही. वर्षभर रोज पहाटे उठून केलेली तयारी, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे जाताना पहाटे चारला निघून सहाला परतलेली. वीस किलोमीटर राहिले होते, नाडी उत्तम होती. ती घोडीच्या पलीकडच्या बाजूला जाते, आणि मी कॅमेरा खाली करतो.

दुपारी बाकीच्यांची फेरी पूर्ण झाली. काठियावाडी घोडा पहिला आला. जेवायला भरीत, कळण्याची भाकर, ठेचा. मंडळाने टाळ्या वाजवल्या, काठियावाडीच्या मालकाला आबांनी स्वतःच्या हाताने टोपी घातली.

(दृश्य: संध्याकाळ. गोठा. पिवळा दिवा.)

चांदणी टेम्पोतून घरी आली. तिचा उजवा पाय गार पाण्याच्या बादलीत आहे. समोर लसूणघास. मुलगी तिच्या डाव्या कुशीला टेकून बसली आहे, स्टेथोस्कोप कानात.

आबा दारात उभे. "किती?"

"दहा."

ती वही उघडते. सकाळच्या आकड्याखाली लिहिते: 'उजवा पुढचा, तळवा दुखतो. नाडी ४०. चारा खाल्ला.' मग पेन खाली ठेवते आणि बादलीतलं पाणी बदलायला उठते.